पान लागले म्हणजे काय लागले?

'पान लागणे' ह्या वाक्प्रचाराचा अर्थ मराठीच्या पदव्युत्तर वर्गात सहज विचारून पाहावा. विड्याचे पान बाधणे, पंगतीत पान मांडणे, असल्या दिशांनी उत्तरे येतात आणि ती ऐकताना आपण भाषेच्या किती वरच्या मजल्यावर राहतो आहोत हे कळते. देशावरच्या शेतकरी बोलीत 'त्याला पान लागलं' म्हणजे त्याला साप चावला. कोशांनी हा अर्थ नोंदवलेला आहे. सापाचे नाव, विशेषतः दिवस मावळल्यावर, घ्यायचे नाही. घेतले तर तो येतो, ही त्यामागची समजूत. म्हणून तो 'जनावर' होतो, 'लांबडं' होतो आणि त्याचा दंश 'पान' होतो. व्युत्पत्ती काहीही असो, भीती शब्दाआड ठेवण्याची ही रीत मराठीला नवी नाही. मसूरिकेला आपण 'देवी' म्हटले, पटकीच्या साथीला 'मरीआईचा फेरा' म्हटले. रोगाला नाव देण्याऐवजी त्याला मान देऊन वाटेला लावायचे, असा तो व्यवहार होता.

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हे शब्द आवडतात. तो ते टिपून घेतो, प्रबंधात 'वर्ज्यशब्द' अशा मथळ्याखाली त्यांची यादी करतो आणि त्यांचे काम तेथे संपले असे समजतो. माझी तक्रार ह्या समजुतीबद्दल आहे. देवीचा रोग 1980 साली जगातून गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा 'देवी येणे' हा प्रयोग खरोखरच संग्रहालयात गेला. साप मात्र गेलेला नाही. 'पान लागलं' हे वाक्य आजही रात्री अकरा वाजता कोणीतरी कोणाला तरी सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळते की नाही ह्यावर पुढचे दोन तास ठरतात. ग्रामीण भागातील प्रतिबंधक आरोग्य हा विषय आपण डॉक्टरांवर, जिल्हा परिषदेवर आणि भित्तिपत्रकांवर सोपवून दिला आहे. सर्पदंशापुरते तरी तो सांगण्याचा आणि ऐकण्याचा, म्हणजे तुमच्या-माझ्या व्यवसायाचा विषय आहे, असे मला म्हणायचे आहे.

त्यासाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. आंबेगाव तालुक्यातले अवसरी खुर्द. पुण्याहून नाशिककडे जाताना मंचरच्या अलीकडे अवसरीचा घाट लागतो, वनउद्यान लागते. 2009 पासून येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतली मुले ह्या गावाचे नाव प्रवेशपत्रावर लिहितात. तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराचा, पावसाचा, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचा. पूर्वेकडचा हा भाग डिंभे धरणाच्या पाण्यावर पालटलेला. कांदा, बटाटा, ऊस, तरकारी. ज्याला आपण 'मागास' म्हणतो तसे हे खेडे नव्हे. डांबरी रस्ता आहे, मोबाइल आहे, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. म्हणूनच हे गाव मी घेतले. सर्पदंशाचा प्रश्न 'दुर्गम, अडाणी' भागाचा आहे असे मानून मोकळे होण्याची सोय येथे राहत नाही.

उलट, बागायतीने साप माणसाच्या अधिक जवळ आणला आहे. कांद्याची बराख घराला लागून असते. तिच्याभोवती उंदीर असतात. उंदरांमागे साप येतो. गोठ्याशेजारी कडब्याची गंज, परसात सरपण, ओट्याशी पाण्याची कुंडी. उसात उंदीर भरपूर, त्यामुळे घोणशीला तेथे वर्षभराचा शिधा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रात्रीचे पाणी. कृषिपंपांना वर्षानुवर्षे पाळीने वीज मिळत आली, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात शेतकरी मध्यरात्री दारं धरायला जातो. एका हातात फावडे, दुसऱ्या हातात बॅटरी. चिखलात पाय अनवाणी, कारण बूट रुततात. वाफ्याचे दार मोडताना आणि बांधताना हात जेथे जातो तेथेच पाण्याने बिळातून बाहेर काढलेले जनावर असते. सापांपासून बचावाच्या सूचनांत 'अंधारात हात घालू नये' असे एक कलम असते. ते लिहिणाऱ्याने रात्रीच्या पाळीचा विचार केलेला दिसत नाही.

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात दिवसा वीज मिळावी ही मागणी जोराने होते ती बिबट्याच्या नावाने. ते स्वाभाविक आहे. बिबट्याचा हल्ला ही बातमी असते, त्याला छायाचित्र असते, वनखाते असते, पिंजरा असतो. सापाचा मृत्यू चुपचाप असतो. फार तर तालुक्याच्या पानावर चार ओळी. 2023 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा दिवसा वीज देण्यासाठी आणला. त्याची चर्चा अनुदान, दर आणि जमिनींचे भाडे ह्या अंगांनी झाली. ही आरोग्याची योजना आहे असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक ज्या शेतात ती वीज पोहोचते तेथे ती पुष्कळ व्याख्यानांहून अधिक दंश टाळत असणार.

व्याख्याने निरुपयोगी असतात असे मात्र नव्हे. नारूचे उदाहरण आठवावे. पायातून हातभर सूत्रकृमी निघणारा हा रोग राजस्थानपासून कर्नाटकापर्यंत, आपल्या महाराष्ट्रातही होता. त्याच्यावर ना लस निघाली ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे आणि पाणी कापडातून गाळून पिणे, एवढ्या बळावर तो हटला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. आज वीस वर्षांच्या मुलाला 'नारू' हा शब्द शब्दकोड्यातच भेटतो. त्या यशामागे एक भाषिक कारण होते: 'पाणी गाळून प्या' हे वाक्य कोणत्याही बोलीत तीन शब्दांत मावते आणि ते पाळायला फडक्यापलीकडे काही लागत नाही. सर्पदंशाचा संदेश तसा एकपदरी नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, सरपण घरापासून दूर रचा. ह्यातल्या प्रत्येक वाक्याला खर्च आहे. साखर कारखान्याच्या हंगामात कोप्या उभारून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला 'खाटेवर झोपा' हे सांगणे म्हणजे थट्टा ठरते. ते जमिनीवर झोपतात कारण खाट बैलगाडीत मावत नाही. शिवाय ते ह्या गावचे नाहीत, त्यामुळे गावच्या आशाताईच्या वहीत त्यांची घरे नाहीत.

आणि जमिनीवर झोपणाऱ्याचा वैरी म्हणजे मण्यार. ह्या सापाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण माझ्या मुद्द्याचा गाभा येथे आहे. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस चावली की जागा सुजते, ठणकते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. शंका राहत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग आडवी करून पाहायची, रक्त गोठले नसेल तर विष चढले आहे. ही चाचणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. नाग चावला तरी खूण असते, वेदना असते. मण्यार रात्री येते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिच्या दंशाची वेदना जवळजवळ नसते. खूणही पुष्कळदा दिसत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळ येते म्हणून. उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीच्या जेवणाने पित्त झाले. मग घसा दुखतो, गिळता येत नाही. पापण्या जड होतात, उघडू म्हटले तरी उघडत नाहीत. लोक म्हणतात, झोप झाली नाही. पुढे मान धरवत नाही, आणि श्वासाचे स्नायू थकले की सारे संपते. ह्या रोग्याने 'मला साप चावला' असे एकदाही म्हटलेले नसते, कारण ते त्याला माहीतच नसते.

येथे निदान कशावर होते? रक्ताच्या तपासणीवर होत नाही, कारण मण्यारीच्या विषाने रक्त गोठायचे थांबत नाही. क्ष-किरणांवर होत नाही. ते होते हकिकतीवर. काल कोठे झोपला होतात? खाली की वर? घरात धान्याची पोती आहेत का? कोणी काही सरपटताना पाहिले का? पोटदुखी आधी की डोळ्यांची झापड आधी? हे प्रश्न विचारणारा आणि त्यांची उत्तरे ज्या बोलीत येतात ती समजणारा माणूस समोर असला तर प्रतिविष सुरू होते, श्वासासाठी यंत्र असलेल्या ठिकाणी रोगी हलवला जातो आणि तो जगतो. नसला तर पित्ताची गोळी मिळते. कथनमीमांसेवर आपण इतके परिसंवाद भरवतो; निवेदकाला स्वतःच्या कथेतली मुख्य घटना ठाऊक नाही आणि ती ऐकणाऱ्याने तपशिलांवरून उभी करायची, अशी ही कथा आहे. ती चुकीची वाचली तर माणूस मरतो.

रुग्णालयांत ह्यासाठी एक सोयीचा शब्द रूढ झाला आहे. रोगी म्हणतो, 'काहीतरी चावलं'. केसपेपरवर लिहिले जाते 'अननोन बाईट'. ह्या दोन शब्दांनी डॉक्टरची सुटका होते आणि हकिकत तेथे थांबते. 'काहीतरी' ह्या शब्दात बोलणाऱ्याला पुष्कळ सांगायचे असू शकते. त्याला जनावराचे नाव घ्यायचे नसते, किंवा त्याने ते पाहिलेले असते पण धामण की घोणस हे सांगता येत नसते, किंवा मण्यार आणि कवड्या ह्यांत त्याचा गोंधळ होत असतो. (कवड्या बिनविषारी; घरात शिरणारा, भिंतीवर चढणारा; त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे नेमके उलट. ही माहिती शाळेतल्या पाचवीच्या मुलाला एकदा चित्रावरून दाखवली की तो विसरत नाही.) विचारणारा थांबला नाही तर सांगणारा सांगतो.

भारतात सर्पदंशाने किती माणसे मरतात हा आकडासुद्धा असाच विचारण्यातून हाती आला आहे, हे साहित्याच्या लोकांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत तो नगण्य दिसत असे. मग 'दशलक्ष मृत्यू अभ्यासा'त कार्यकर्ते घरोघरी गेले, मृत्यू झालेल्या घरातल्या माणसांना जे घडले ते सांगायला लावले, ती हकिकत स्थानिक भाषेत लिहून घेतली, आणि प्रत्येक हकिकत दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवले. 2001 ते 2003 मधल्या सुमारे 1,23,000 मृत्यूंच्या हकिकतींत 562 सर्पदंशाच्या निघाल्या. त्यावरून 2005 सालासाठी देशाचा अंदाज आला 45,900. हा निबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2020 मध्ये त्याच मालिकेतल्या निबंधाने 2000 ते 2019 ह्या काळासाठी वर्षाला सरासरी 58,000 असा अंदाज दिला. रुग्णालयात झालेले मृत्यू पहिल्या अभ्यासात फक्त 23 टक्के होते. उरलेली माणसे घरी, शेतात, वाटेत किंवा देवळाच्या ओवरीत गेली, आणि कोणी जाऊन विचारेपर्यंत कोणत्याच रकान्यात नव्हती.

आता देवळाच्या ओवरीविषयी. सर्पदंश झालेल्याला देवळात नेऊन बसवणे, मांत्रिकाकडे नेणे, कडुलिंबाचा पाला चारणे आणि तो कडू लागतो का हे विचारणे, मिरची तिखट लागते का हे पाहणे, ह्या गोष्टींची शहरी माणूस चेष्टा करतो. चेष्टेपूर्वी त्याने जरा हिशेब करावा. चावणाऱ्या सापांतले पुष्कळसे बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी तो प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे येणाऱ्यांतला मोठा भाग काही केले नाही तरी बरा होणार असतो. एवढी यशाची खात्री कोणत्या वैद्याला असते? शिवाय मांत्रिक रात्री घरी असतो, पैसे मागत नाही, आणि, हे महत्त्वाचे, तो विचारतो: कुठं लागलं, कधी लागलं, कसं वाटतंय. पाला कडू लागतो का हा प्रश्नसुद्धा एक प्रकारचा निदानाचा प्रयत्नच आहे; तो चुकीचा आहे, पण त्याला रोग्याकडे लक्ष द्यावे लागते. 'अननोन बाईट' लिहायला तेवढेही लागत नाही.

मांत्रिकाची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या अंगणात जाणारा प्रत्येक तास घोणशीच्या रोग्याच्या मूत्रपिंडातून वजा होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये, जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा अपराध ठरवला आहे. शब्द नीट पाहावेत: उपचारापासून रोखणे हा गुन्हा आहे. मंत्र म्हणत रोग्याला गाडीत घालून दवाखान्यात आणणारा मांत्रिक ह्या कायद्याच्या आड येत नाही. त्याला शत्रू करण्याऐवजी हमरस्त्याकडे वळवणे शक्य आहे, आणि ज्या ज्या ठिकाणी ते घडले तेथे ते पोलिसांपेक्षा बोलण्याने घडले आहे.

ह्याच पट्ट्यात, अवसरीहून त्याच नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावला, डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे दाम्पत्य गेली अनेक वर्षे सर्पदंशाचे काम करते आहे. सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये असे ध्येय ठेवून त्यांनी दवाखान्यातल्या उपचाराइतकाच वेळ शाळांत, ग्रामसभांत, सर्पमित्रांच्या आणि सरकारी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात घातला. हे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. प्रतिविषाची कुपी सरकारी केंद्रात फुकट मिळते. अडचण पुष्कळदा ती टोचणाऱ्या तरुण डॉक्टरच्या मनात असते: रोग्याला प्रतिविषाचीच तीव्र प्रतिक्रिया आली तर? म्हणून 'पुढे न्या' असे म्हणून तो मोकळा होतो. ॲड्रेनलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवले तर ती प्रतिक्रिया आवरता येते, हे धैर्य पुस्तकातून येत नाही, कोणीतरी शेजारी उभे राहून द्यावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी बसून, आपल्याच भाषेत, आपल्याच सहकाऱ्यांना ते देणारी माणसे असणे ही त्या मुलखाची श्रीमंती आहे.

सापावरून आता विंचवाकडे जाऊ, कारण मराठीच्या अध्यापकांचा हिशेब तेथे आहे. एकनाथांचे विंचवाचे भारूड आपण सगळ्यांनी शिकवले आहे. विंचू म्हणजे कामक्रोध, उतारा म्हणजे सत्त्वगुण. 'रूपक स्पष्ट करा', पाच गुण. रूपक स्पष्ट होते आणि विंचू नाहीसा होतो. पण नाथांनी रूपक उभे केले ते पाहिलेल्या दंशावर. भारुडातल्या माणसाला घाम सुटतो, जीव कासावीस होतो. मग उतारा, अंगारा असे मांत्रिकाच्या घरचे शब्द येतात. श्रोत्यांनी तो घाम आपल्या घरात पाहिलेला होता, म्हणून रूपक त्यांच्या अंगावर आले. आमच्या वर्गात ते अंगावर येत नाही ह्याचे एक कारण असे की, विंचू चावल्यावर नेमके काय होते हे शिकवणाऱ्याला ठाऊक नसते.

ते ठाऊक करून घेणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला नाही, आहे. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे डॉ. हिम्मतराव बावसकरांचे आत्मचरित्र पुष्कळांनी दारिद्र्यातून वर आलेल्या मुलाची कहाणी म्हणून वाचले. ते तसे आहेच. पण त्यातला बावसकर हा मूलतः वर्णन करणारा माणूस आहे. 1970 च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते गेले तेव्हा कोकणात लाल विंचवाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती आणि ग्रंथांत त्याची दखल तुटपुंजी होती. बावसकरांनी रोग्याच्या उशाशी बसून लिहून ठेवले: दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, मग रक्तदाब वर, मग फुप्फुसात पाणी. हा क्रम 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. घाम आधी येतो, मृत्यू नंतर. मधल्या वेळात काहीतरी करता येईल, हे त्या वर्णनातून दिसले. पुढे 1986 मध्ये प्राझोसिन ह्या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी त्याच नियतकालिकात मांडला. शंभरांत पंचवीस-तीस रोगी दगावत होते ते प्रमाण दोन-तीनांवर, पुढे त्याहूनही खाली आले. नाथांनी पाहिलेला घाम आणि बावसकरांनी टिपलेला घाम एकच आहे. ही दोन पाने एका तासाला शेजारी ठेवून शिकवली तर भारुडाचे काही बिघडत नाही, उलट उतारा ह्या शब्दाला वजन येते.

श्रावणातल्या नागपंचमीच्या कहाणीचेही तसेच. शेतकऱ्याच्या नांगराखाली वारूळ सापडते, पिले मरतात, नागीण सूड घेते, आणि भक्तीमुळे सारे पुन्हा उठून बसतात. नांगर, वारूळ, पावसाळा: दंश कोठे आणि केव्हा होतो हे कहाणीला पक्के माहीत आहे. 'दशलक्ष मृत्यू अभ्यासा'तही जून ते सप्टेंबर हेच महिने वर निघाले. कहाणीने जे पाहिले ते घ्यावे. सूड आणि भक्ती ही तिची कारणमीमांसा बाजूला ठेवावी. आपल्या कथा-चित्रपटांनी नेमके उलटे केले. सर्पदंश हा कथानकाच्या अडलेल्या गाड्याला धक्का देण्याचा उपाय झाला. नको असलेले पात्र काढायचे तर सापाला बोलवायचे. त्यामुळे सुशिक्षित मराठी वाचकाच्या मनातसुद्धा सर्पदंश हा 'दैवा'चा शब्द आहे. अपघातानंतर आपण विचारतो, 'गाडी किती वेळात आली?' सर्पदंशानंतर विचारतो, 'आयुष्यच तेवढं होतं का हो?'

ह्या पार्श्वभूमीवर सरकारी आरोग्य-मराठी वाचावी. 'दंश झालेला अवयव अचल करावा', 'रुग्णास मानसिक धीर द्यावा', 'आवळपट्टीचा अवलंब टाळावा' ह्या धर्तीची वाक्ये. व्याकरण निर्दोष. पण 'अचल' हा शब्द बोलीत पर्वतालाही लावत नाहीत. 'हात हलवू देऊ नका, मोडल्यावर बांधतात तसा फळीला बांधा. वर दोरी आवळू नका. चालवू नका, गाडीवर मधे बसवून आणा' असे लिहिण्यात भाषेची कोणती अप्रतिष्ठा होते? दोरी आवळू नये ह्याचे कारण सांगण्यावरही बरेच अवलंबून आहे, कारण दोरी बांधणे हे आमच्या दोन पिढ्यांना शाळेच्या पुस्तकानेच शिकवले होते. आज पुस्तकाने मत बदलले तर का बदलले हे सांगावे लागते: आवळलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, तो कुजू शकतो, आणि दोरी सोडताच अडलेले विष एकदम अंगात पसरते. कारण कळले की माणूस ऐकतो. नुसत्या 'टाळावा'ने तो ऐकत नाही.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाचे रोगी आणि मृत्यू कळवणे बंधनकारक करावे असे केंद्राने राज्यांना लिहिले. म्हणजे आता नोंद हवी, आणि नोंदीला शब्द हवेत. रोगी जे बोलतो ते आणि रकान्यात जे लिहायचे ते, ह्यांच्यामध्ये एक शब्दकोश लागेल, आणि तो मुंबईत बसून होणार नाही. मंचरच्या बाजारपेठेतला शब्द, डिंभ्याच्या वरच्या ठाकरवाडीतला शब्द आणि कोपीत राहणाऱ्या ऊसतोड बाईचा शब्द वेगळा असतो. आपल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दर हिवाळ्यात कोणत्यातरी गावी जातात, तेथे रस्ता झाडतात, वृक्ष लावतात (त्यांतले किती जगतात हा वेगळा विषय), आणि शेवटच्या दिवशी प्रमुख पाहुणे येतात. ह्या सात दिवसांत मराठी विभागाच्या दहा मुलांनी वहीवर एवढेच लिहून आणावे: ह्या गावात सापाला रात्री काय म्हणतात, चावल्याला काय म्हणतात, डोळ्यांवर झापड येण्याला काय म्हणतात, पोटातल्या त्या पहाटेच्या कळेला काय म्हणतात, आणि शेवटचा दंश झाला तेव्हा पहिली हाक कोणाला मारली होती. ती वही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या टेबलावर आणि 108 च्या रुग्णवाहिकेचा दूरध्वनी घेणाऱ्यांच्या समोर हवी. एक प्रत विभागाच्या कपाटात राहिली तरी हरकत नाही.